इलियास मिस्त्रीची उजवी मांडी

माझी बुलेट मला दाद देत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गाडी माझी, कागद माझ्या नावावर, पेट्रोल माझ्या खिशातलं, आणि मी किक मारली की ती म्हाताऱ्यासारखी नुसती खोकते. अख्ख्या वडवणीत ती एकाच माणसाच्या पायाला मान देते, तो म्हणजे इलियास मिस्त्री. मी एसटीत कंडक्टर होतो आणि आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात, त्यामुळे राधाकिशन हे माझं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय. माझ्या घरासमोर इलियासचं गॅरेज. सकाळी त्याचं शटर वर गेलं की आमच्या घरात चहा होतो, असा आमचा शेजार.

त्याची किक बघायला लोक थांबायचे. डाव्या मुठीजवळचा बारका खटका दाबून तो किक हळू खाली ढकलायचा, मीटरचा काटा मधोमध आणायचा, खटका सोडायचा आणि मग सगळं अंग उजव्या पायावर टाकून एकदाच दणका. धडाड! गाडी चालू. जुन्या बुलेटला अर्ध्या मनानं किक मारली की किक उलटी येते आणि पाय वर फेकून देते. माझ्या नडगीवर त्याची खूण आहे. इलियासच्या नडगीवर एकही नव्हती आणि हे तो गिऱ्हाइकांना पायजमा वर करकरून दाखवायचा. लई माज होता गड्याला त्या पायाचा.

गणपतीच्या दिवसात तो पाय गेला.

टेम्पोतून एक मोटारसायकल उतरवायची होती. लावलेली फळी सरकली, गाडी वरून घसरत आली आणि हँडलचं टोक इलियासच्या उजव्या जांघेत घुसल्यासारखं बसलं. रक्त फारसं आलं नाही, म्हणून आम्हाला वाटलं थोडक्यात सुटला. पण उठवायला गेलो तर गुडघा कागदासारखा मुडपला. परत उठवला, परत मुडपला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, पाय हाय पर माझा न्हाई."

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी जांघेतली धडधड बघितली, मग पावलावरची. म्हणाले, रक्ताची मोठी शीर वाचली आहे, पण शेजारून जाणारी नस चेचली गेली. तुटलेली नाही, भरून येईल, पण महिने लागतील, आणि नक्की किती ताकद परत येईल ते आज सांगता येणार नाही. पुढचं सगळं मोहिनी मॅडमकडे सोपवलं. ही मोहिनी सिरसाळ्याची पोरगी, बीडला फिजिओथेरपी करते आणि बाजाराच्या दिवशी वडवणीत मेडिकलच्या मागच्या खोलीत बसते. वय माझ्या धाकट्या लेकीएवढं, पण आवाज असा की चालू बस थांबावी.

पहिल्याच दिवशी तिनं इलियासला बाकावर झोपवलं, पायजमा वर सरकवायला लावला आणि स्केचपेननं सरळ त्याच्या मांडीवर रेघा ओढायला सुरुवात केली. रहिमाबी, म्हणजे इलियासची बायको, तिथंच उभी. इलियास लाजून भिंतीकडे बघत होता.

"इकडं बघा काका, पाय तुमचा आहे," मोहिनी म्हणाली. "मांडीला तीन वाटांनी हुकूम येतो. ही मागची, बुडापासून खाली जाणारी, सगळ्यात जाड नस. ती ठणठणीत आहे, म्हणून पाऊल हलतंय. ही आतली, मांड्या मिटणारी. तीही चांगली आहे. ही तिसरी, पुढची, जांघेतून येते. जांघेत बाहेरून आत बोट सरकवलं की आधी नस, तिच्या शेजारी धडधडणारी शीर, तिच्याही आत रक्त परत नेणारी शीर. हँडल नसेवर बसलं. दोन बोटं आत बसलं असतं तर काकूंना इथं उभं राहायची वेळ आली नसती."

रहिमाबीनं पदर तोंडाला लावला. मोहिनी थांबली नाही. या पुढच्या नसेच्या हुकमावर चार स्नायू चालतात, तिनं सांगितलं. तिघं मांडीच्या हाडावरून निघतात, एक पार खुब्याच्या वरून येतो, आणि चौघं मिळून गुडघ्याच्या वाटीवर एकच पट्टा धरतात. गुडघा सरळ करणारे, अंगाचं वजन पेलणारे ते हेच.

"म्हंजी बैल चार, दावं एक," इलियास म्हणाला.

"बरोबर. चारही बैल आत्ता झोपलेत."

"आन् किक?"

"किक बुडाच्या मोठ्या स्नायूपासून सुरू होते आणि या चौघांत संपते. बुडाचा स्नायू तुमचा चांगलाय. शेवट राहिला." मग ती जरा मऊ झाली. "व्यायाम करा, आणि दर बाजाराला मला दाखवा. नस कधी जागी होईल ते मला कळलं पाहिजे."

आता इलियास चालायचा कसा, तर उजवा हात मांडीवर दाबून. पाऊल टाकलं की हात मांडीवर, गुडघा मागं रेटायचा, मग पुढचं पाऊल. उकिडवं बसणं बंद, म्हणजे धंदा बंद. मशिदीतही खाली बसता येईना. तेव्हा मी आमच्या ओसरीतली लाल प्लास्टिकची खुर्ची त्याला दिली. तो ती खुर्ची घेऊन मागच्या रांगेत, भिंतीला लागून नमाज पढायचा. वडवणीतल्या कुठल्याच माणसापुढं कमरेत न वाकलेला गडी, आणि ज्याच्यापुढं वाकायचं तिथं वाकता येईना. हे त्याला पायापेक्षा जास्त लागलं होतं, मला दिसत होतं.

पण मिस्त्री तो मिस्त्री. दिवाळीच्या सुमारास त्यानं काय केलं, जुन्या स्कूटरच्या शॉकअपची स्प्रिंग काढली, दोन लोखंडी पट्ट्या तासल्या, गुडघ्याच्या जागी बुश आणि बोल्ट बसवला, सीट कव्हरचं रेग्झिन शिवलं आणि मांडीपासून पोटरीपर्यंत एक सांगाडाच बनवला. गुडघा वाकला की स्प्रिंग दबायची आणि त्याला परत सरळ करायची. ते बांधून तो शटरमधून ताठ चालत बाहेर आला! हात मांडीवर नाही, काठी नाही. सगळं वडवणी बघायला लोटलं. मी तर त्याला बाजारभर मिरवला. वराती कमी गाजतात हो.

झालं. तेव्हापासून गडी मोहिनीकडे जाईना. मी विचारलं, "कावून जात न्हाईस बे?" तर म्हणाला, "चालू गाडीला पाना लावायचा न्हाई, मास्तर." हा त्याच्या गॅरेजचा कायदाच होता. गाडी चालू झाली की ती गिऱ्हाइकाची, तिला परत हात लावायचा नाही. तोच कायदा त्यानं स्वतःच्या पायाला लावला. सांगाडा चढवायचा सकाळी, उतरवायचा झोपताना. व्यायाम बंद.

संक्रांत झाली आणि एका बाजाराला मोहिनी स्वतःच गॅरेजात येऊन उभी राहिली.

"खोला," ती सांगाड्याकडे बोट करून म्हणाली.

"मॅडम, मस्त चालतंय."

"खोला म्हणलं ना!"

मी मध्ये तोंड घातलं, "अहो मॅडम, बघा तर किती हुशारीनं बनवलंय..."

"मास्तर, तुम्ही तिकडं बसा." मी बसलो. पस्तीस वर्षं मी लोकांना बसा म्हणत आलो, मला बसा म्हणणारी ही पहिली.

सांगाडा निघाला आणि माझ्या तोंडातून "अरे देवा" निघून गेलं. डावी मांडी तालमीतल्या गड्याची आणि उजवी वाळल्या सोट्यासारखी. रेग्झिनच्या आत ती दिवसेंदिवस आटत होती आणि आम्ही वरून टाळ्या वाजवत होतो. मोहिनीनं त्याला बाकावर आडवं केलं, गुडघ्याच्या वाटीच्या वर बोट टेकवलं. "वाटी वर ओढा काका. जोरात. अजून."

इलियासच्या कपाळावर शीर तटतटली. मांडी तशीच. आणि मग कातडीखाली काहीतरी सरकलं. गाईच्या अंगावर माशी बसली की कातडं थरथरतं ना, तेवढंच. मीही बघितलं ते.

मोहिनीचा चेहरा उजळला आणि त्याच दमात ती भडकली. "नस आली काका! कधीचीच आली असेल, कुणाला माहीत! आणि तुम्ही तिला काम देत नाही! हुकूम पोचतोय आणि स्नायू उठायच्या आत ही तुमची स्प्रिंग काम उरकून मोकळी होते. आधी ठीक होती ही, तिनं तुम्हाला पडू दिलं नाही. आता ही तुमचा पाय खातेय. जो स्नायू राबतो तिकडं रक्त धावतं. मांडीत खोल एक शीर जाते, ती यांनाच पोसायला आहे. हे बसूनच राहिले तर ती तरी कुणाला वाढणार?"

"आता काढून टाकलं तर पडंन मी," इलियास म्हणाला.

"घरात भिंत धरून चाला. बाहेर काठी घ्या. पण हे दिवसभर नको."

"मी बनवलंय ते," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मला माझ्या मित्राची कीव आली. मोहिनी पुढच्या बाजाराला या, एवढंच म्हणून गेली.

त्याच संध्याकाळी तो गॅरेजच्या पायरीवर पडला. रहिमाबीनं आणि मी उचलला. उचलताना त्यानं आम्हा दोघांना शिव्या घातल्या, आणि नेमका त्याच वेळी फिरोज येऊन उभा. फिरोज रहिमाबीचा भाऊ, बीडला स्टँडजवळ फळांचा गाडा. माणूस सोन्यासारखा. बहिणीचे हाल त्याला बघवत नव्हते. म्हणाला, "दुल्हेभाई, गाड्यावर बसायचं काम हाय. तुमी बसा, मी माल आणतो. सामान विकून टाका आन् बीडला चला."

इलियासनं पान्यांच्या पेटीवर हात ठेवला. मग म्हणाला, "बकरी ईदीपर्यंत थांब. तवर पाय आला तर आला. न्हाई आला तर टेम्पो घेऊन ये, मी स्वतः पेटी चढवीन. जबान हाय माझी."

मला असा संताप आला! फळं विकण्यात कमीपणा नाही, पण इलियास मिस्त्री केळ्यांच्या फण्या मोजतोय हे चित्र माझ्या डोक्यात बसेना. आणि माझ्या बुलेटचं काय? ती तर त्याचा पाय गेला त्या दिवसापासून ताडपत्रीखाली उभी होती. दुसऱ्या कुणाला मी तिला हात, म्हणजे पाय, लावू दिला नव्हता.

पुढच्या बाजाराला इलियास काठी टेकत मोहिनीकडे गेला, मी मागोमाग. काखेत तोच सांगाडा. मला वाटलं आता भांडण होणार. त्यानं तो टेबलावर ठेवला.

"मॅडम, लई इचार केला. स्प्रिंग उलटी बसवली. आदी ती गुडघा सरळ करायची, आता वाकवती. बाकावर बसून मी सरळ करायचा. ती माझ्याशी भांडंल."

मोहिनीनं तो उचलला, हातानं वाकवून बघितला, आणि हसली. "काका, डोकं भारी चालवलंत. पण या स्प्रिंगशी आत्ता भांडलात तर गुडघाच निखळेल. आधी काही आठवडे नुसता पाय, कुशीवर झोपून. मग बारकी स्प्रिंग. आहे का?"

"ब्रेकच्या पायडलची हाय. तिच्यापरीस जड साइड स्टँडची. मंग शॉकअपची."

"त्याच क्रमानं. आणि मी सांगेपर्यंत बदलायची नाही."

आता हे रोजचं झालं. सकाळी इलियास बाकावर, मी समोर रिकाम्या ड्रमावर पाना घेऊन. एसटीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी दोन ठोके दिले की त्यानं पाय सरळ करायचा, एक दिला की धरून ठेवायचा. "मास्तर, सोडा की!" तो कण्हायचा. "पुढं स्टॉप नाही," मी म्हणायचो. आमच्या सावित्रीबाई, म्हणजे माझी बायको, ओसरीतून ओरडायच्या की ड्रम बडवून शेजाऱ्यांचे कान फाडू नका. फाटू देत म्हटलं.

ब्रेकची स्प्रिंग लागली तेव्हा रमजान चालू झाला होता. ईदीला तो ईदगाहवर गेला तो लाल खुर्ची घेऊनच. सगळी रांग एकदम खाली वाकली आणि शेवटी एकटा इलियास खुर्चीवर उंच दिसत राहिला. मी रस्त्यावरून बघत होतो. शिरखुर्मा द्यायला आला तेव्हा मी शिरखुर्म्याची तारीफ करून विषय टाळला.

उन्हाळा तापला. साइड स्टँडची स्प्रिंग मात्र काही केल्या जिंकू देईना. पाय अर्ध्यात यायचा आणि थरथरत खाली. रोज तेच. एकदा त्यानं ती काढून भिंतीवर फेकली. रहिमाबीनं उचलून आणली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. "भांडन तुमीच लावलं ना तिच्याशी? मग भांडा," ती म्हणाली. मी पाना उचलला आणि दोन ठोके दिले.

मग एका सकाळी तो पाय आला. सरळ, पूर्ण, आणि माझा एक ठोका पडल्यावरही तसाच थांबला. गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला, अंड्याएवढा गोळा उभा राहिला होता. इलियासनं त्याला बोट लावून बघितलं. "मास्तर, कडक हाय बघा. हात लावा." मी हात लावला. खरंच कडक होता.

शॉकअपची स्प्रिंग लागेपर्यंत बकरी ईद आलीसुद्धा. त्या नमाजीलाही खुर्ची होतीच, कारण मोहिनीनं अजून खाली बसायची परवानगी दिली नव्हती. ती म्हणाली होती की बुटक्या पाटावरून नुसत्या उजव्या पायावर उठून दाखवा, मग बघू. उठत होता तो, पण मनात भीती. शेवटच्या क्षणी हात मांडीवर जायचाच.

ईदीनंतरच्या बाजाराला फिरोजचा टेम्पो दारात लागला. जबान म्हणजे जबान. इलियासनं स्वतः पान्यांची पेटी शटरपर्यंत ओढत आणली. रहिमाबी दारात उभी, मोहिनी मेडिकलकडून येऊन कडेला उभी. मला राग असा आला की टेम्पोच्या चाकातली हवा सोडावी.

"थांब फिरोज," इलियास एकदम म्हणाला. "मास्तर, गाडी काढा."

मी ताडपत्री ओढली. बघतो तर प्लग नवा, टाकीत ताजं पेट्रोल, कार्ब्युरेटर लखलखीत. कधी केलं होतं हे त्यानं, कुणास ठाऊक. मी मोहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "पाय तयार आहे काका. तुमचं तुम्ही बघा."

त्यानं खटका दाबला, काटा मधोमध आणला. बिस्मिल्ला म्हणून पाय उचलला आणि मारली. पण भीती होती हो त्या किकेत, अर्धीच बसली. किक उलटी आली! पाय वर फेकला गेला आणि सगळं वजन घेऊन तो उजव्याच पायावर खाली आला. गुडघा वाकला. रहिमाबी ओरडली, फिरोज धावला. मी डोळेच मिटणार होतो.

आणि गुडघा थांबला. वाकला तेवढाच. मांडी ताठरली, पायजम्यातून दिसली मला, आणि त्याला हळूहळू वर घेऊन आली. सरळ उभा केला. डावा हात हँडलवर आणि उजवा हवेत तसाच राहिला होता.

"काका!" मोहिनी किंचाळली. "हात मांडीवर गेला नाही!"

इलियासनं आपल्या हाताकडे बघितलं, मग मांडीकडे. आणि असा हसला, असा हसला की काय सांगू. "मास्तर," तो म्हणाला, "घंटी द्या."

पाना गॅरेजात राहिला होता. मी चप्पल काढली आणि टेम्पोच्या पत्र्यावर दोन दणके घातले.

धडाड!

बुलेटनं अख्खा बाजार हलवला. कोंबड्या उडाल्या, भाजीवाल्या उभ्या राहिल्या, कुणीतरी शिट्टी मारली. मी रडत होतो आणि सांगायला मला लाज नाही. इलियासनं गाडी बंद केली. मला वाटलं दमला. तर म्हणाला, "नशीब म्हनाल तुमी," आणि परत मारली. परत धडाड!

"टेम्पो रिकामा नेऊ का मंग, दुल्हेभाई?" फिरोज हसत हसत म्हणाला. डोळे त्याचेही ओले होते.

"रिकामा कावून? वापस नेताना पंक्चर काढून ने, मागचं चाक बसलंय तुझं," इलियास म्हणाला आणि उकिडवा बसायला लागला. मोहिनीनं लगेच आवाज चढवला, "हळू! धरून!" तो धरून बसला, पण बसला. पान्यांची पेटी त्यानं तशीच पायानं आत ढकलली, उजव्या.

या गडबडीत रहिमाबी घरात गेली होती. ती बाहेर आली तर हातात माझी लाल खुर्ची. साबणानं धुतलेली, अजून पाणी गळत होतं. रस्ता ओलांडून तिनं ती माझ्या ओसरीत, जिथून मी उचलली होती त्याच जागी ठेवली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमची खुर्ची. आता मॅडम कवा म्हनतील तवा म्हनतील, पर हे आता हिच्यावर बसायचे न्हाईत."